उपवाक्य ओळखले, अर्थ निसटला

परीक्षा जवळ आली की इंग्रजीच्या तासाला उजळणीचे पर्व सुरू होते. फळ्यावर एक वाक्य लिहिले जाते. त्यातील वाक्यांश कोणता, उपवाक्य कोणते, वाक्य केवल, संयुक्त की मिश्र, असे प्रश्न विचारले जातात आणि वर्ग एका सुरात उत्तरे देतो. उत्तरे बहुधा बरोबरही असतात. मी अर्थशास्त्राचा अध्यापक; इंग्रजी व्याकरण हा माझा प्रांत नव्हे. तरीही या उजळणीविषयी लिहावेसे वाटले, त्याला एक प्रसंग कारण झाला.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर इंग्रजीत एक सूचना लागली होती. ज्यांनी शुल्क भरलेले नाही त्या विद्यार्थ्यांना, फ्रीशिपसाठी ज्यांनी अर्ज केला आहे ते वगळता, चाचणी परीक्षेस बसता येणार नाही, असा तिचा आशय होता. खेड्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीने ती वाचली आणि पैशांची तजवीज करण्यासाठी ती गावी निघून गेली. परतली तेव्हा चाचणी संपली होती. वस्तुतः तिने फ्रीशिपचा अर्ज रीतसर भरलेला होता. 'एक्सेप्ट' या शब्दाने सुरू होणारा तो मजकूर नेमका तिच्यासारख्यांसाठीच लिहिलेला होता! मी ती सूचना तिच्यापुढे ठेवली, तेव्हा 'हू' या शब्दाने सुरू होणारी दोन्ही उपवाक्ये तिने तत्काळ दाखविली. ती विशेषण उपवाक्ये आहेत, हेही सांगितले. परंतु आपण बंदी झालेल्यांत मोडतो की वगळलेल्यांत, हे तिला सांगता येईना.

सूचना मराठीत असती तर हा प्रसंग ओढवलाच नसता, हे मान्य केले पाहिजे. तो दोष महाविद्यालयाचा. पण बँकेचा करारनामा, विम्याची अट, नेमणुकीचे पत्र, विद्यापीठाची पाठ्यपुस्तके हे सारे आज तरी मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत आहे, आणि ते वाचण्याची पाळी प्रत्येकावर येणार आहे.

मग व्याकरण येऊनही अर्थ का निसटतो? कारण आपण गुण देतो ते नाव ओळखण्याला आणि रूपांतराला. 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहा, 'नो सूनर' वापरा, प्रयोग बदला. अर्थ कळला की नाही, हे कोणी विचारीत नाही. ज्या मालाला भाव, त्याचेच उत्पादन वाढते, हा नियम वर्गालाही लागू आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचे. केवल, मिश्र, संयुक्त हे वाक्यांचे प्रकार आपला विद्यार्थी मराठीच्या तासाला शिकतोच. तरीही इंग्रजीच्या तासाला ते सर्वस्वी नवे असल्यासारखे शिकविले जातात आणि दोन भाषांतील खरा फरक मात्र सांगायचा राहून जातो. आपण 'महाविद्यालयाच्या समितीचा अध्यक्ष' म्हणतो. इंग्रजी आधी अध्यक्षाचे नाव घेते, मग समितीचे, शेवटी महाविद्यालयाचे. 'जो मुलगा अभ्यास करतो, तो उत्तीर्ण होतो' या वाक्यात आपले गौण वाक्य आधी येते. इंग्रजीत ते मुलाच्या पाठोपाठ मध्येच शिरते आणि कर्त्याची क्रियापदापासून ताटातूट करते. मराठी वाचकाची नजर नेमकी तेथे अडखळते.

'अनलेस' आणि 'अन्टिल' यांची कथाही तशीच. 'तो येत नाही तोपर्यंत मी थांबेन' या वाक्यातील 'नाही' विद्यार्थी इंग्रजीत जसाच्या तसा नेतो. 'अनलेस'च्या पोटात नकार आधीच आहे, हे न कळल्यामुळे तो आणखी एक नकार जोडतो आणि अट उलटी होते. शिक्षक त्याखाली लाल रेघ ओढतात. पण ही चूक मराठीच्या वळणातून आली आहे, हे क्वचितच समजावून देतात.

माझ्या विषयात याची किंमत रोज मोजावी लागते. मागणीचा नियम इंग्रजी पुस्तकांत 'अदर थिंग्ज बीइंग इक्वल' या शब्दांनी सुरू होतो. त्यात पूर्ण क्रियापद नाही, म्हणून तो वाक्यांश. आणि मुख्य वाक्य नव्हे, म्हणून विद्यार्थी तो शोभेचा समजून गाळतो. मग किंमत वाढली, लोकांचे उत्पन्नही वाढले आणि मागणी घटण्याऐवजी वाढली, की नियमच खोटा ठरला, असे तो लिहितो. इतर परिस्थिती कायम असेल तरच हा नियम लागू पडतो, हे त्या चार शब्दांत सांगितलेले असते. ते गाळले की नियमाचा प्राणच जातो.

उपाय खर्चाचा नाही. उजळणीच्या तासाला पाठ्यपुस्तकातील वाक्यांबरोबर आठवड्यातून एक वाक्य व्यवहारातले घ्यावे. शंभराच्या नोटेवर 'आय प्रॉमिस' अशी सुरुवात असलेले वाक्य आहे. त्यातील 'आय' कोण? वचन कशाचे? कोणाला? खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आहे, येथवर मुले स्वतः पोहोचली म्हणजे कर्ता, क्रियापद आणि वाक्यांश हे तिन्ही त्यांना उमगले. मराठी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी वर्षारंभी एकत्र बसून परिभाषा जुळवून घ्यावी. आणि प्रश्नपत्रिकेत 'उपवाक्य ओळखा' याच्या जोडीला 'ही अट कोणाला लागू होते?' असा प्रश्न यावा, त्यालाही गुण असावेत.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. वर्षे वाढली, त्या वर्षांत काय साधायचे, हा विचार त्या मानाने वाढला नाही. 'पण', 'तर', 'वगळता' हे शब्द दिसायला लहान असतात. माणसांचे हक्क पुष्कळदा त्यांच्याच आश्रयाला असतात. त्या विद्यार्थिनीचा हक्क कागदावर शाबूत होता. तो वाचायला आपण तिला शिकविले नव्हते.