वैशाखातलं अमळनेर

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठं जायचं, यावर घरोघरी चर्चा चालते. कुणी माथेरान म्हणतं, कुणी महाबळेश्वर, कुणी मामाच्या गावी कोकणात. आज मी तुम्हांला अशा गावाचं नाव सुचवणार आहे, की ते ऐकून तुमचे आई-बाबा म्हणतील, "या बाईंना ऊन तर लागलं नाही ना!" गावाचं नाव आहे अमळनेर. जिल्हा जळगाव. आणि जायचं कधी? तर ऐन वैशाखात, पारा ४३-४४ अंशांवर चढलेला असताना!

हसू नका. आधी ऐका तर खरं.

अमळनेर हे खानदेशातलं बोरी नदीच्या काठचं जुनं गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावर त्याचं स्टेशन आहे. वैशाखाच्या पहिल्या पंधरवड्यात इथं दोन मोठे सोहळे लागोपाठ येतात. वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आखाजी. मग एकादशीला संत सखाराम महाराजांच्या यात्रेतला रथ आणि पौर्णिमेला पालखी. आकाशातली चंद्राची कोर बारीक असते तेव्हा आखाजी आणि तीच वाटोळी झाली की पालखी. कॅलेंडर हाताशी नसलं तरी नुसतं वर बघून हिशेब लागतो! इंग्रजी तारीख मात्र दर वर्षी सरकते. अक्षय्य तृतीया २०२४ मध्ये १० मे रोजी होती, तर २०२५ मध्ये ३० एप्रिलला. म्हणून जायचं ठरवलंत तर पंचांग बघून ठरवा.

आता तुम्ही विचाराल, इतक्या उन्हात सण आणि यात्रा ठेवायची बुद्धी कुणाला झाली? माझ्या वर्गातल्या एका मुलीनं हेच विचारलं होतं. त्याचं उत्तर शेतात आहे. रब्बीचा गहू, हरभरा कापून, मळून घरात आलेला असतो. नांगरट झालेली, पेरणीला अजून अवकाश. म्हणजे वर्षात कधी नव्हे ती शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत. आंबा पिकलेला. आणि नदी? ती आटलेली! त्यामुळे तिचं वाळवंट म्हणजे गावाला आयतं मिळालेलं मोठं मैदान. (नदीकाठच्या वाळूच्या पात्रालाही आपण वाळवंट म्हणतो, बरं का. पंढरपूरच्या चंद्रभागेचं वाळवंट नाही का?) गहू घरात, आंबा झाडावर, माणूस मोकळा आणि नदी कोरडी. सण दुसरा कधी करणार?

खानदेशात अक्षय्य तृतीयेला 'आखाजी' म्हणतात आणि तिचा थाट दिवाळीसारखा असतो. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. चैत्रात बसवलेल्या गौराईपुढे मुली अहिराणीत गाणी म्हणतात. निंबाच्या जाड फांदीला झोके बांधले जातात, आणि एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या मावश्यासुद्धा त्या दिवशी उंच झोका घेतात. जळगावजवळच्या आसोद्याच्या लेक असलेल्या बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर कविताच केली आहे. ती मिळवून मोठ्यानं वाचा. झोक्याची लय तुमची तुम्हांलाच सापडेल. (बापेमंडळी मात्र आखाजीला पत्ते कुटत बसतात. ते आपण शिकायचं काही कारण नाही.)

आखाजीच्या सकाळी घरात घागर भरतात. नवी कोरी मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर मातीचं लहान भांडं ठेवायचं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे. ही पूजा घरातल्या गेलेल्या माणसांसाठी असते. आजोबा-पणजोबांची नावं घेऊन निखाऱ्यावर तुपाची आणि अन्नाची 'आगारी' टाकतात. ज्यांना आपण पाहिलंही नाही त्यांना या उन्हात काय द्यायचं? तर गार पाणी! मला ही कल्पना फार आवडते.

घागर नवीच का, यामागंही गंमत आहे. मातीच्या भांड्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती आतल्या पाण्यातून घेतली जाते आणि पाणी गार होतं. वापरून वापरून क्षारांनी ती छिद्रं बुजली, की घागरीचा गारवा कमी होतो. म्हणून ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर नवी घागर! तुमच्या परिसर अभ्यासात 'बाष्पीभवन' हा शब्द येतो ना, तो हा असा दारातच मांडलेला असतो.

आखाजीला आणखी एक गोष्ट संपते आणि सुरू होते, ती म्हणजे सालदाराचं साल. मोठ्या शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीनं राबणारा गडी म्हणजे सालदार. त्याचा हिशेब आखाजीला होतो. पटलं तर तोच मालक, नाही तर दुसरं शेत आणि कधी दुसरं गावसुद्धा. घरोघरी पुरणाचा वास सुटलेला असताना एखाद्या घरात मात्र भांडीकुंडी बांधली जातात आणि जूनमध्ये शाळेच्या पटावरचं एक नाव कमी होतं. आता ट्रॅक्टर आले, सालदार कमी झाले, पण ही रीत अजून पुरती गेलेली नाही. तुमच्या वर्गात जूनमध्ये कुणी नवा मुलगा आला, तर त्याला आपल्या बाकावर जागा द्या.

हं, आता खाण्याकडे वळू. इतका वेळ तुम्ही त्याचीच वाट बघत होतात, मला ठाऊक आहे!

आखाजीचा मान पुरणपोळीचा. पण ही आपली पोळपाटावर लाटलेली पोळी नव्हे. ही खापरावरची पोळी. हिलाच मांडे म्हणतात. खापर म्हणजे मातीचं मोठं, खोलगट भांडं. ते चुलीवर पालथं घालतात. खाली जाळ पऱ्हाट्यांचा. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली जी वाळकी झाडं, त्या पऱ्हाट्या. म्हणजे कापसाच्या शेतातलं सरपण, गव्हाच्या शेतातलं पीठ आणि हरभऱ्याच्या शेतातलं पुरण. अख्खं शिवारच त्या चुलीपाशी जमतं.

गव्हाचं पीठ कपड्यातून गाळून घेतात. मग ते पाणी लावून इतकं मळतात, इतकं मळतात, की रबरासारखं ताणलं गेलं पाहिजे. गव्हात जो चिकटपणा असतो तो मळल्यानं वाढतो. त्याच्याच जोरावर पुढची सगळी करामत. पिठाच्या दोन गोळ्यांमध्ये पुरण घालून कडा बंद करायच्या, थोडं लाटायचं आणि मग ती पोळी सरळ हातांवर घ्यायची! या हातावरून त्या हातावर झेलत, गोल फिरवत ती वाढवायची. आधी तळव्याएवढी, मग मनगटापर्यंत, मग पार कोपरापर्यंत. पातळ इतकी, की आतलं पुरण बाहेरून दिसावं. फाटत मात्र नाही. आणि मग एका झटक्यात खापरावर पसरायची. तिथं सुरकुती पडली तर पुन्हा संधी नाही. भाजली की घडी घालून कपडा अंथरलेल्या टोपलीत.

ताटात ही पोळी, वाटीभर आमरस, तळलेली कुरडई, भजी आणि पुरणाच्या कटाची झणझणीत रशी. गोड आणि तिखट यांची अशी जोडी आहे, की एकाला थांबवावं तर दुसरं पुढं होतं.

मुलांनो, आता जरा बारकाईनं बघा. बाहेर ४४ अंश ऊन, आत चुलीचा जाळ, आणि त्यापुढं सकाळपासून एक बाई बसली आहे. घरच्या, पाहुण्यांच्या, पितर म्हणून जेवायला बोलावलेल्यांच्या पंगती उठतात आणि ती सगळ्यांत शेवटी जेवते, तेही भूक मेल्यावर. मांडे खानदेशचं वैभव आहे, असं आपण भाषणात म्हणतो, पण त्या वैभवाला घोटभर गार पन्हं नेऊन द्यायचं कुणाला सुचत नाही. तुम्ही द्या. आणि मुलगे असाल तर पीठ मळायला बसा. त्याला दंडात जोर लागतो, तो तुमच्याकडे आहे ना?

हे मी मुद्दाम सांगते आहे. ही विद्या पुस्तकात वाचून येत नाही आणि कुठल्या यंत्रानं अजून हातांची जागा घेतलेली नाही. आजीच्या शेजारी बसून, चार पोळ्या फाडून मगच पाचवी जमते. गॅसच्या शेगडीवर मोठं खापर नीट बसत नाही. शहरातल्या स्वयंपाकघरात चूल नाही. कुणी मागितलंच नाही तर कुंभार तरी खापर कशाला घडवील? एका बाजूनं असं आहे. दुसऱ्या बाजूनं बघा, खानदेशात आज कितीतरी बाया मागणीप्रमाणे मांडे करून देतात, लग्नकार्यात त्यांना बोलावणं असतं आणि त्यावर त्यांचं घर चालतं. घरातली ही कला बाजारात आली म्हणून काही लोक नाक मुरडतात. मला तसं वाटत नाही. कष्टाचे पैसे मिळाले, तर त्यांच्या मुलींना ती शिकावीशी वाटेल.

गच्च्यांवरचं वाळवणही याच दिवसांतलं. बिबडे, उडदाचे पापड, कुरडया. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, वाटून त्याचं दूध काढतात, ते शिजवून चीक करतात आणि सोऱ्यातून गोल गोल घालतात. कावळे हाकलायला पोरांना बसवायचं, हा नियम. कावळ्यांपेक्षा राखणदारच जास्त खातात, हाही नियमच! तूप घातलेला गरम चीक खाल्ला नसेल, तर यंदा हट्ट धरा. मात्र 'खानदेशी भरीत पाहिजे' म्हणून वैशाखात हटून बसू नका. भरिताची हिरवी, मोठी वांगी थंडीतली. ज्या त्या खाण्याला आपला ऋतू असतो.

आखाजी उरकते आणि बोरीच्या वाळवंटात दुकानं लागायला लागतात. सखाराम महाराज हे वारकरी संत. त्यांची समाधी नदीच्या पात्रातच आहे, तिथंच यात्रा भरते. अमळनेरला प्रतिपंढरपूर म्हणतात. पाळणे, खेळणी, भांड्यांची दुकानं, उसाचा रस आणि गुळाच्या पाकातली गोडीशेव. दुपारी वाळूवर पाय ठेववत नाही. खरी यात्रा फुलते ती ऊन उतरल्यावर.

मोहिनी एकादशीला रथ निघतो. उंच लाकडी रथ, त्याला दोर बांधून माणसं ओढतात. आता कोडं घालते. इतक्या जड रथाला ब्रेक नाही, सुकाणू नाही. मग अरुंद गल्लीत तो वळवायचा कसा, थांबवायचा कसा? उत्तर आहे मोगरी! मोगरी म्हणजे लाकडाचा ठोकळा. चालत्या चाकाखाली ती अचूक सरकवली, की चाक अडतं. एकाच बाजूच्या चाकाला लावली, तर ती बाजू अडते, दुसरी पुढं सरकते आणि रथ वळतो. सायकलचा ब्रेक घर्षणावर चालतो हे तुम्ही शिकलात, तेच इथं. फक्त इथं ब्रेक एका माणसाच्या हातात असतो आणि तो हात चाकापासून वीतभर अंतरावर असतो! म्हणून रथ बघताना लांब उभं राहायचं. मोगरीवाल्यांच्या वाटेत जायचं नाही. आई-बाबांचा हात सोडायचा नाही.

दिवसा काय करायचं? सकाळी लवकर निघून प्रताप हायस्कूलचा परिसर बघा. आपले साने गुरुजी इथंच १९२४ ते १९३० शिक्षक होते. त्याआधी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले होते. प्रताप शेठजींच्या मदतीनं १९१६ मध्ये उभी राहिलेली ही संस्था. गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक काढत, तेही हातानं लिहून! रोजच्या रोज! आम्हांला भित्तिपत्रक महिन्यातून एकदा बदलायचं तर केवढी धावपळ होते. अमळनेरमध्ये १९५२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आणि पुन्हा २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं संमेलनही इथंच झालं. आज संगणकाच्या क्षेत्रात जगभर नाव असलेली विप्रो कंपनी १९४५ मध्ये याच गावात सुरू झाली, हे ठाऊक आहे? तेव्हा ती वनस्पती तूप बनवायची. तिचं जुनं नाव होतं 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स'. म्हणजे इथंही गोष्ट स्वयंपाकघरातूनच सुरू झाली!

निघताना डोक्याला रुमाल, पाण्याची बाटली आणि सुती कपडे विसरू नका. अकरा ते चार सावलीत. खापरावरची पोळी होताना बघायची असेल, तर सकाळीच ओळखीच्या घरी जा आणि आधी विचारून जा. सणाच्या दिवशी कुणाच्या चुलीपुढं गर्दी करू नये.

पौर्णिमेला पालखी निघते. टाळ-मृदंगाच्या गजरात ती गावातून फिरते, आणि मग वाळवंटातली दुकानं एकेक करून उठू लागतात. मृग जवळ आलेला असतो आणि बोरीला तिची जागा परत द्यायची असते. पुढं आषाढीसाठी इथली दिंडी पायी पंढरपूरची वाट धरते. आणि लेकी? त्या टोपलीत कुरडया आणि कपड्यात बांधलेल्या पोळ्या घेऊन सासरी परततात. त्या पोळ्या प्रवासात टिकतात, बरं का.