शेवाळ विकत कशाला? तळ्यातच पिकवा!

यवतमाळ : पऱ्हाटीच्या या मुलखात शेततळी झाली, तशी त्यात मासे सोडण्याची हौसही वाढली. पण मासा पोसायचा म्हणजे खाद्य आलंच. मत्स्यशेतीतला निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावरच होतो. ढेप अन् कोंड्याची पोती आणता आणता शेतकरी मेटाकुटीला येतो. त्यात शेवाळाच्या भुकटीचं नावही आता कानावर येऊ लागलं आहे. ती घ्यावी काय?

भुकटीत दम आहे, यात शंका नाही. स्पिरुलिना शेवाळाच्या वाळलेल्या १०० ग्रॅम भुकटीत ५५ ते ७० ग्रॅम प्रथिने असतात. भुईमुगाच्या ढेपेत ४० ते ४५. समुद्री माशातलं ओमेगा-३ सुद्धा मुळात सूक्ष्म शेवाळातूनच येतं. म्हणून नॉर्वेत साल्मन माशाच्या खाद्यात शेवाळाचं तेल घालतात. पण साल्मनचा भाव वेगळा, आपल्या कटला-रोहूचा वेगळा. इथे ती भुकटी परवडायची नाही.

मग काय करायचं? शेवाळ तळ्यातच वाढवायचं. पाण्याला हिरवी झाक येते ती याच बारीक शेवाळाची. चंदेरा मासा ते गाळून थेट खातो. शेवाळावर पाण्यातले सूक्ष्म जीव वाढतात आणि ते कटल्याच्या पोटात जातात. त्यासाठी लागतं शेणखत, तेही थोडं थोडं. प्लास्टिकच्या तळ्यात माती नसते, तिथे खताकडे जास्तच लक्ष द्यावं लागतं. ढेप-कोंडा बंद होत नाही, पण खर्च हलका होतो.

खरा धोका पुढे आहे. हिरवं जास्त झालं की रात्री तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात, आणि एका रात्रीत वर्षाची कमाई पालथी पडू शकते. ढगाळ दिवसांत आणि उन्हाळ्यात पाणी आटल्यावर हे भय अधिक.

परीक्षा सोपी आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. तळवा अंधुक दिसला तर ठीक. स्वच्छ दिसला तर खत कमी पडलं. कोपराच्या बऱ्याच अलीकडेच दिसेनासा झाला, किंवा पाण्यावर हिरवट-निळा तवंग आला, तर खत व खाद्य दोन्ही थांबवा आणि ताजं पाणी सोडा.

पाण्याचा रंग रोज पाहणाऱ्याचंच तळं पिकतं!