बंदुकीपेक्षा मोठा प्रश्न

वेस्टर्न चित्रपट म्हणजे काउबॉय, घोडे नि बंदुका, असे आपण समजतो. १९५५ चा ‘बॅड डे ॲट ब्लॅक रॉक’ मात्र वेगळा. एका हाताने अधू असलेला स्पेन्सर ट्रेसी आडगावी रेल्वेतून उतरतो. युद्धात मेलेल्या सैनिकाचे पदक त्याच्या बापाला, जपानी वंशाच्या कोमोकोला द्यायचे असते. कोमोको कुठे, असे विचारताच गाव गप्प!

आपल्याला जब्बार पटेलांचा ‘सामना’ (१९७५) आठवतो. श्रीराम लागूंचे मास्तर मारुती कांबळेविषयी असेच विचारत राहतात. समोर निळू फुल्यांचे हिंदुराव. दोन्हीकडे खलनायकाला बळ मिळते ते गावाच्या मौनातून.

बिदर-कलबुर्गीच्या खेड्यांत असे मौन आपणही पाहिले आहे. दोन्ही चित्रपट नातवंडांबरोबर पाहू या. मग एकमेकांना विचारू या: त्या गावात आपण असतो, तर बोललो असतो का?