शेवटचे पाच मिलिग्रॅम

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आधी, आम्ही काही शिक्षकमित्रांबरोबर भंडारदऱ्याला काजवे पाहायला गेलो होतो. हिरडा-बेहड्याच्या झाडांवर हजारो काजवे एका तालात उघडझाप करत होते आणि सगळ्यांच्या नजरा या झाडावरून त्या झाडावर जात होत्या. आमच्यातले गणिताचे एक सर मात्र डोके धरून दगडावर बसले. "नजर बाजूला वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतंय," ते म्हणाले. त्यांना आदल्या दिवसापासून चक्कर आणि मळमळ होतीच. शिवाय भलतीसलती स्वप्ने आणि विनाकारण चिडचिड. कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी म्हणाले पित्त.

रात्री सरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, की गेली चार वर्षे ते नैराश्यासाठी पॅरॉक्सेटिन घेतात आणि गोळ्या घरीच राहिल्या आहेत. "म्हणजे एकतर आजार परत आला, नाहीतर मला गोळ्यांचं व्यसन लागलंय." गणिताच्या माणसाने तिसरी शक्यता तपासायला हवी होती!

ती शक्यता समजण्यासाठी मेंदूत डोकावू. दोन चेतापेशींच्या मध्ये अतिशय अरुंद फट असते. पहिली पेशी त्या फटीत सिरोटोनिन सोडते, दुसरी ते आपल्या ग्राहींवर टिपते आणि उरलेले सिरोटोनिन पहिली पेशी परत आत ओढून घेते. हे ओढण्याचे काम वाहक प्रथिने करतात. पॅरॉक्सेटिन, सरट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही औषधे या वाहकांना अडवतात. अडवणे काही तासांतच सुरू होते, पण मन उभारी धरायला काही आठवडे लागतात. त्या काळात आणि पुढेही मेंदू बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेत असतो. ग्राहींची संवेदनक्षमता बदलते. (नैराश्य म्हणजे सिरोटोनिनची कमतरता, हे सोपे समीकरण मात्र वर्गात सांगू नये, पुरावा त्याला साथ देत नाही.) गोळी एकाएकी थांबली की औषध काही दिवसांत शरीरातून जाते, मेंदूने केलेली जुळवाजुळव मात्र तशीच राहते. ती उलटायला आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. सरांना होत होता तो या मधल्या काळातला त्रास.

याला व्यसन म्हणता येत नाही. व्यसनात पदार्थाची ओढ असते; तंबाखू खाणारा आपली चंची घरी विसरत नाही. आजार उलटण्यापासून हा त्रास वेगळा ओळखण्याच्याही खुणा आहेत. आजार बहुधा काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, हळूहळू डोके वर काढतो. हा त्रास थोड्याच दिवसांत येतो, त्यात झटके आणि चक्कर यांसारखी मूळ आजारात नसलेली लक्षणे असतात आणि गोळी पुन्हा घेतली की तो लवकर ओसरतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून, त्यांच्या चिठ्ठीवर राजूरहून गोळ्या आणल्या. संध्याकाळपर्यंत सर माणसांत आले.

तिसऱ्याच दिवशी त्रास इतका का वाढावा, हे अर्धायुकालावरून कळते. पॅरॉक्सेटिनचा अर्धायुकाल ढोबळमानाने एक दिवस. म्हणजे तीन दिवसांत औषध एक अष्टमांश उरते. फ्लुऑक्सेटिनपासून शरीरात बनणारे क्रियाशील द्रव्य निम्मे व्हायलाच एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे ते औषध जणू आपले आपणच हळूहळू उतरते. 'दिवसाआड गोळी घ्या' हा सल्ला अर्धायुकाल लहान असलेल्या औषधांना का लागू पडत नाही, हे विद्यार्थ्यांना आलेख काढून पाहू द्या. दर दोन दिवसांनी पातळी पावपट होते आणि पुन्हा उसळते.

आता खरी मौज. मात्रा निम्मी केली की परिणामही निम्मा होतो, असे आपण धरून चालतो. समजा, वर्गात शंभर खुर्च्या आहेत आणि मुले डोळे बांधून खुर्ची शोधत आहेत. पहिल्या मुलांना ती चटकन सापडते. ऐंशी भरल्यावर आलेल्यांना मात्र वणवण करावी लागते. औषधाच्या रेणूंचे तसेच आहे. सितॅलोप्रॅम घेणाऱ्यांच्या मेंदूची पॉझिट्रॉन चित्रणाने तपासणी झाली, त्यातून हा वक्र मिळाला. २० मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के वाहक अडलेले असतात, ९ मिलिग्रॅमला ७० टक्के, ५.४ ला ६०, २.३ ला ४० आणि ०.८ मिलिग्रॅमलाही २० टक्के. म्हणजे २० वरून ५ वर येताना परिणाम जेमतेम वीस-बावीस टक्क्यांनी घटतो आणि ५ वरून शून्यावर येताना उरलेला सगळा एकदम कोसळतो! 'शेवटची अर्धी गोळी सोडली आणि घात झाला' अशी रुग्णांची तक्रार असे, ती मनाची समजूत नव्हती. २०१९ मध्ये हॉरोविट्झ आणि टेलर यांनी याच वक्राच्या आधारे सुचवले, की मात्रा सारख्या पायऱ्यांनी न उतरवता प्रत्येक पायरी आधीपेक्षा लहान करत जावी. अडचण एवढीच, की दुकानातल्या गोळ्या इतक्या लहान नसतात. द्रवरूप औषध लागते, आणि सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या तर तोडताही येत नाहीत.

इमिप्रमिन या जुन्या औषधाबाबत असा त्रास १९५९ सालीच नोंदला गेला होता. तरीही कित्येक दशके 'आठवडाभरात जाणारी किरकोळ कुरकुर' म्हणून त्याची बोळवण झाली, याची वैद्यकाला थोडी लाज वाटायला हवी. अर्थात भीतीचा बाऊही नको. २०२४ मध्ये ७९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. औषध सोडणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणे दिसली. पण नुसती लटकी गोळी सोडणाऱ्या १७ टक्क्यांनाही ती दिसली! तीव्र त्रास सुमारे ३ टक्क्यांना झाला. मात्र त्यातले बरेच रुग्ण थोडेच महिने औषध घेतलेले होते, वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

मुळात औषध सोडावे का, हा प्रश्न वेगळाच. ब्रिटनमधील २०२१ च्या एका चाचणीत दीर्घकाळ औषध घेणाऱ्या, पण आता बरे वाटणाऱ्या रुग्णांना घेतले होते. औषध सोडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना वर्षभरात नैराश्य पुन्हा आले, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. दोन्ही आकडे नीट पाहिले तर 'कधीच सोडू नका' आणि 'लगेच सोडा' हे दोन्ही सल्ले फोल ठरतात. हा हिशेब रुग्णाने आणि त्याच्या डॉक्टरांनी मिळून मांडायचा असतो.

सरांनी तो मांडला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते २० वरून १० वर तीन महिन्यांत आले. पुढच्या ५ मिलिग्रॅमला आठ महिने लागले. मध्ये एकदा परीक्षेच्या दिवसांत चक्कर वाढली, तेव्हा एक पायरी पुन्हा वर चढून थांबले. यंदा ते पुन्हा भंडारदऱ्याला आमच्याबरोबर होते. रात्रभर काजवे पाहिले; औषध शर्टाच्या खिशात होते.