पाण्यात पेटलेली ज्योत

पाणी आग विझवते, हे आपण शाळेत जाण्याआधीच शिकतो. जर्मनीतल्या कार्ल्सरूह विद्यापीठात मात्र उलरिच फ्रांक आणि त्यांच्या सहकाऱ्याने पाण्याच्या आतच ज्योत पेटवली आणि १९८८ मध्ये ते जगापुढे मांडले. जाड पोलादी पात्रात तापलेल्या, प्रचंड दाबाखालच्या पाण्यात मिथेन मिसळलेला होता. त्यात ऑक्सिजन सोडला आणि ज्योत उभी राहिली. ठिणगीसुद्धा लागली नाही!

मग आपला समज खोटा का? नाही, अपुरा आहे. पाणी आग विझवते ते मुख्यतः दोन कारणांनी: वाफ होताना ते भरपूर उष्णता शोषते, आणि ती वाफ हवेला आगीपासून दूर लोटते. पण ३७४ अंश सेल्सिअस आणि सुमारे २२१ बार ओलांडले की पाणी व वाफ हा भेदच उरत नाही. उकळणे नाही, म्हणून त्यात खर्च होणारी उष्णताही नाही. शिवाय एरवी तेलाशी फटकून वागणारे पाणी या अवस्थेत तेल आणि ऑक्सिजन दोन्ही स्वतःत पूर्ण मिसळून घेते. इंधन आणि प्राणवायू असे शेजारी आले की जळायला अडचण कसली?

‘म्हणजे प्रेशर कुकरसारखेच की!’ असे कुणी म्हणेल. कुकरमध्ये जेमतेम २ बार दाब आणि १२० अंश तापमान असते. तिथे पाणी आणि वाफ वेगवेगळेच राहतात.

रॉकेटच्या इंजिनात द्रव ऑक्सिजन नेहमी थेंब होऊन जळतो, हाही असाच एक अपुरा समज. ऑक्सिजनचा क्रांतिक दाब, म्हणजे ज्यापुढे द्रव आणि वायू हा भेद मिटू शकतो तो दाब, सुमारे ५० बार. चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटच्या सीई-२० इंजिनात जवळपास ६० बार दाब असतो. इतक्या दाबाखाली ऑक्सिजन तापू लागला की थेंबाला गोल धरून ठेवणारा पृष्ठताण नाहीसा होत जातो. थंड, दाट ऑक्सिजनचे धागे सुटतात आणि इंधन असलेल्या हायड्रोजनमध्ये विरघळत जातात. ज्योतही दाबाने फुगत नाही. उलट पातळ होते.

पुन्हा त्या तापलेल्या, दाबाखालच्या पाण्याकडे वळू. त्यात विषारी सांडपाणी काही सेकंदांत जळून जाते, पण म्हणून कचऱ्याचा प्रश्न सुटला असे मानू नये. या पाण्यात मीठ जवळजवळ विरघळतच नाही. ते खाली बसते, नळ्या तुंबवते, आणि क्लोरीनयुक्त कचऱ्यातून बनणारे आम्ल धातू खाते. ज्योत पेटवण्यापेक्षा त्या नळ्या टिकवणे आज जास्त अवघड आहे.