हुसकावणे म्हणजे निवारा नव्हे

नागपूरच्या हवामानाला मध्यम मार्ग ठाऊक नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथील पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. मे महिन्यात तो पंचेचाळिशी ओलांडतो. या दोन्ही टोकांचा पहिला तडाखा बसतो तो रेल्वे स्थानक, मेयो रुग्णालय, सीताबर्डी, कॉटन मार्केट या परिसरांत उघड्यावर रात्र काढणाऱ्यांना.

या माणसांविषयी कायदा मौन बाळगून आहे, असे नाही. मोठ्या शहरांनी एक लाख लोकवस्तीमागे एक बारमाही निवारा उभारावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हेच प्रमाण स्वीकारले. एक लाख लोकवस्तीमागे किमान शंभर जणांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा अपेक्षिली. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. म्हणजे चोवीस निवारे हवेत. प्रत्यक्षात महापालिकेचे निवारे हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्यातच या अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. गरज मात्र संपली नाही.

उलट, हटविण्याच्या कामी तत्परता दिसते. मार्च २०२३ मध्ये जी-२० परिषदेतील नागरी गटाची बैठक येथे भरली. तिच्या तोंडावर पोलिसांनी १४४ कलमाखाली चौक, पदपथ आणि दुभाजकांवर भिकाऱ्यांनी जमण्यास ३० एप्रिलपर्यंत बंदी घातली. पाहुणे येऊन गेले; परंतु हटविलेल्यांनी पाठ टेकावी कोठे, हा प्रश्न जागच्या जागी राहिला.

निवारे असूनही लोक पदपथावर का झोपतात, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर रोजगारात आहे. पहाटे बाजारात माल उतरविणारा हमाल कामाच्या जागेपासून दूर निजू शकत नाही. त्याची पहाटेची मजुरी बुडते. कुटुंबाची ताटातूट करणारा, हातगाडी वा बोचके ठेवू न देणारा निवारा त्याला परवडत नाही. पदपथाची निवड हा आळस नव्हे, तो पोटाचा हिशेब आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, ते याच कारणासाठी.

राहता राहिला शेजार. थंडीत घोंगड्या वाटणारी वस्तीच आपल्या गल्लीत निवारा होऊ लागला की विरोधाचे निवेदन घेऊन उभी राहते. दान देताना हात सैल असतो, जागा देताना आखडतो. वस्तुतः या शहराला आतिथ्य अपरिचित नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्यांच्यासाठी शाळांचे दरवाजे उघडतात, रस्तोरस्ती अन्नदान होते. दोन-तीन दिवस लाखोंना जे जमते, ते वर्षभर काही शेकड्यांना अशक्य कसे?

महापालिकेचे दहा झोन आहेत. प्रत्येक झोनने रात्री फिरून बेघरांची मोजदाद करावी, त्यांच्या रोजगाराच्या जागेजवळ निवारा शोधावा आणि त्याच्या देखरेखीत त्याच वस्तीतील शिक्षक, दुकानदार व स्वतः बेघर यांना स्थान द्यावे. खर्चाची तरतूद महापालिकेच्या अंदाजपत्रकात कायमची असावी. दिल्लीच्या योजनेची मुदत संपली म्हणून येथील छप्पर उडू नये. पथदिवे आणि नळ यांना नगरपालिका दया म्हणत नाही. निवाऱ्यालाही म्हणू नये.