खिशातला चाकू निवडताना

मंडळी, आज एका लहानशा वस्तूविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. ही वस्तू म्हणजे खिशात मावणारा, मिटणारा चाकू. तुम्ही म्हणाल, चाकू घेण्यात कसले आले आहे शहाणपण? बाजारात जावे, पैसे मोजावेत, चाकू खिशात टाकावा. मीही असेच म्हणत असे. पण माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर एक आडवा व्रण आहे. तो मला वेगळे सांगतो.

झाले असे की, एका जत्रेत मी एक चकचकीत चाकू घेतला. त्याला दोन पाती होती, कातर होती, बूच काढण्याचा स्क्रू होता, आणि किंमतही बेताची. आठ दिवसांनी पेंडीच्या पोत्याला भोक पाडायला म्हणून त्याचे टोक दाबले. टोक रुतले, पण मागची कमानी ढिली होती. पाते जे मिटले ते थेट माझ्या बोटावर. तीन टाके पडले. त्या दिवशी एक गोष्ट समजली : मिटणाऱ्या चाकूत पाहायचा असतो तो आधी सांधा. पाते नंतर, आणि चकाकी सगळ्यांत शेवटी.

तर मग सांधा कसा पाहावा? चाकू हातात घ्या आणि सावकाश उघडा. चांगली कमानी पात्याला शेवटी आपणहून ओढून घेते आणि ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येतो. आवाज आला नाही, पाते नुसतेच लोंबल्यासारखे उघडले, तर तो चाकू तेथेच ठेवा. मग उघडे पाते चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. खिळ्यापाशी ते खुळखुळता कामा नये. आता पाते मिटा आणि चाकू उजेडासमोर धरा. टोक मुठीच्या खाचेत पुरते बुडाले पाहिजे; जरा जरी वर राहिले तरी ते खिसा फाडील, नाहीतर बोट. आणखी एक. मिटल्यावर धार आतल्या कमानीवर आपटत नाही ना, तेही पाहा. आपटत असेल, तर प्रत्येक वेळी मिटताना तुम्ही आपल्याच हाताने धार मारीत असता.

नुसत्या कमानीचा चाकू कापण्यासाठी चांगला, भोसकण्यासाठी नव्हे. टोक दाबण्याचे काम वारंवार पडत असेल, तर पाते अडवून धरणारी काही सोय असलेला चाकू घ्यावा. ही सोय महागच असते असे नाही. फ्रान्स देशात आल्प्स पर्वताच्या कुशीत सव्हॉय नावाचा प्रांत आहे. तेथे कुऱ्हाडी-कोयते घडवणाऱ्या घरातल्या जोसेफ ओपिनेल या तरुणाने १८९० साली शेतकऱ्यांसाठी एक साधा चाकू केला. लाकडी मूठ, एक पाते, एक खिळा, एवढाच त्याचा थाट. पुढे १९५५ साली त्याला एक फिरते कडे बसवले. पाते उघडून कडे जरा फिरवले, की ते पात्याच्या पाठीमागे आडवे येते आणि पाते मिटत नाही. एवढीशी पत्र्याची युक्ती, पण बोट वाचवणारी. हा चाकू आजही तसाच बनतो. तोच घ्या असे मी सांगत नाही. तो कशामुळे चांगला आहे ते ओळखा, आणि ते गुण आपल्या बाजारातल्या चाकूत शोधा. त्याचा एक दोषही सांगून ठेवतो. पावसात भिजला की लाकूड फुगते आणि पाते मुठीत घट्ट अडकते. म्हणून कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी लाकडी मुठीपेक्षा चांगल्या प्लॅस्टिकची किंवा धातूची मूठ पाहावी, हे बरे.

आता अवजारांच्या गर्दीविषयी. स्वित्झर्लंडच्या सैनिकांचा चाकू जगभर नावाजलेला आहे. कार्ल एल्सेनर या कारागिराने १८९१ साली तो लष्कराला पुरवायला सुरुवात केली. त्या पहिल्या चाकूत एक पाते, एक टोच्या, डबा फोडण्याचे अवजार आणि बंदूक सोडवण्यासाठी स्क्रू-पिळणी, एवढेच होते. सैनिकाला जे लागते तेवढे, अधिक काही नाही. आपणही हाच हिशेब करावा. सुतळी कापणे, फळ चिरणे, पेन्सिलीला टोक करणे, दातवण तोडणे, पोत्याची शिवण उसवणे, एवढ्या कामांना एक चांगले पाते पुरते. त्याच पैशांत दहा अवजारे देणारा दुकानदार प्रत्येकात थोडेथोडे कापून घेतो, हे ध्यानात असू द्या.

पाते किती लांब असावे? आपली चार बोटे जोडून आडवी धरा. त्यांच्या रुंदीइतके, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर, रोजच्या कामाला भरपूर झाले. पाते पातळ असावे. जाड पाते दिसायला दणकट, पण पेरू चिरताना ते पेरू फोडते, चिरत नाही. दातेरी पातेही टाळा, कारण ते घरी धार लावायला त्रासाचे.

पोलाद दोन जातींचे मिळते. साधे कार्बन पोलाद चटकन धार घेते. पण कैरी, लिंबू, कांदा कापला की काळे पडते आणि ओले ठेवले की गंजते. वापरल्यावर पुसावे, तेलाचा हात फिरवावा, म्हणजे ते वर्षानुवर्षे चालते. स्टेनलेस पोलादात क्रोमियम असते, चाकूच्या पोलादात साधारण बारा-तेरा टक्के किंवा त्याहून अधिक, त्यामुळे ते गंजाला दाद देत नाही. पण अजिबात गंजत नाही असे मात्र नव्हे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत त्यालाही ठिपके पडतात. पुसण्याची सवय ज्याला आहे त्याने साधे पोलाद घ्यावे, ज्याला नाही त्याने स्टेनलेस. स्वस्त स्टेनलेस मऊ असते, त्याची धार लवकर जाते. पण ती लवकर लावताही येते. म्हणून त्याला अगदीच नावे ठेवू नयेत.

धार लावणे ज्याला येते त्याचा स्वस्त चाकूही महागासारखा चालतो. दगडावर पाते किती तिरपे धरावे, हे गुरुजींनी मुलांना कागदावर दाखवावे. कागदाचा कोपरा नव्वद अंशांचा असतो. तो एकदा दुमडला की पंचेचाळीस, पुन्हा दुमडला की साडेबावीस. एवढाच कोन धरायचा. दगडावर पाणी टाकून एक बाजू घासत जा. दुसऱ्या बाजूला नखाला बारीक खरखर लागली, की पाते उलटा आणि तितकेच घासा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, चार वेळा परजा. दगड नसेल तर चिनी मातीचा कप उपडा घाला. त्याच्या बुडाची झिलई नसलेली खरखरीत कड हे काम करते. मात्र फिरत्या कोरड्या चाकावर पाते फार वेळ धरू देऊ नका. तापून धार निळी पडली, की पोलादाचे पाणी उतरले समजा. मग कितीही घासा, धार टिकत नाही.

बोथट चाकू निरुपद्रवी, असा एक समज आहे. खरे उलटे आहे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ते घसरते. मुलांच्या हाती चाकू द्यायचा, तर धारेचा द्यावा, मिटूनच द्यावा, आणि आपल्या अंगापासून दूर कापायला शिकवावे. पूर्वी शाळेत बोरू तासताना गुरुजी मुलांना हेच शिकवीत.

शेवटी कायद्याचे. बटण दाबताच फटकन उघडणारे खटक्याचे चाकू किंवा रामपुरी थाटाची लांब पाती यांच्या वाटेस जाऊ नका. ती कामाची नव्हेत, आणि बाळगणारा विनाकारण संशयात सापडतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या कलम ३७ खाली मनाई हुकूम निघाला, की त्या हद्दीत हत्यारे बाळगता येत नाहीत, आणि त्या यादीत चाकूचे नाव आहे. अशा दिवसांत चाकू घरीच ठेवावा. विमानाच्या प्रवासात तो हातातल्या पिशवीत चालत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या बाजाराला जाल तेव्हा दुकानदाराला दहा चाकू काढायला लावा, आणि लाजू नका. प्रत्येक उघडा, मिटा, हलवा, उजेडासमोर धरा. दुकानदार कदाचित कंटाळेल. कंटाळू द्या. त्याच्या कंटाळ्यापेक्षा आपले बोट मोलाचे आहे. माझे मी एकदा देऊन बसलो. तुमचे तसे होऊ नये.